मासेअक्कांचा मासा

मासेअक्कांनी जन्मात मासा खाल्ला नाही, आणि माशाशिवाय दुसऱ्या कशावर त्या फारसं बोलल्याही नाहीत. आमच्या शेजारचं जैन घर. कांदा-लसूणही उंबऱ्याबाहेर, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. त्या घरातली ही लेक कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात तळाशी पडून राहणाऱ्या एका माशावर जीव टाकायची.

तो मासा त्यांनी पाहिला होता फक्त काचेच्या बरणीत, औषधात बुडवलेला. पण सांगायच्या अशा, की जणू पलीकडच्या गल्लीत राहतो. "रक्त पाण्यासारखं हाय त्याचं. तांबडं न्हायच. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो, तेवढ्यावर भागवतोय." पाणी शून्याखाली जवळजवळ दोन अंश असताना तो गोठत कसा नाही, असं मी एकदा विचारलं. आकडा बरोबर सांगितला म्हणून आधी खूश झाल्या. "रक्तातच एक पदार्थ हाय. बर्फाचा कण धरतोय नि वाढूच देत न्हाय." असलं रक्त भरपूर फिरवावं लागतं, म्हणून त्याचं हृदय मात्र मोठं.

एकदा संशोधकांच्या जहाजावर जायची संधी आली. अव्वांनी, म्हणजे त्यांच्या आईंनी, एवढंच विचारलं, "तिथं दिवस मावळतोय कधी?"

"उन्हाळ्यात मावळतच न्हाय, अव्वा."

"मग जेवण आटपायचं कधी?"

"कवाबी जेवायचं की. रात्रच न्हाय, तर रात्रीचं जेवण कुठलं?"

अव्वा हसल्या नाहीत. त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. घरात दोघीच, दिवस मावळायच्या आत हात धरून पाटावर बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. अक्कांनी नकार कळवला. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "तळाचा मासा हाय. पळून जातोय कुठं?" पुढच्या खेपेलाही हेच म्हणाल्या, त्यापुढच्याही.

अव्वा वारल्यावर अक्कांनी पुन्हा अर्ज केला. तपासणीत डॉक्टरांना हृदय वाढलेलं दिसलं. "माशासारखंच," त्या मला म्हणाल्या. "पर त्याला चालतंय. मला न्हाय."

गेल्या वर्षी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं त्या समुद्राच्या तळाची चित्रफीत पाठवली. माझ्या फोनवर आम्ही ती पाहिली. करड्या तळावर मासा बसलेला, खाली अंड्यांचा गोल.

"हलत नाही," मी म्हणालो.

"राखण करतोय. पिल्लं निघंपतूर जागा सोडणार न्हाय."

पुन्हा लावायला सांगितली. मग अव्वांच्या रिकाम्या पाटाकडे पाहत म्हणाल्या, "मासा तिथंच होता की रं. मीच गेले न्हाय."

दिवस कलला होता. त्या जेवायला उठल्या.

पुढं महिन्याभरात अक्का गेल्या. चित्रफीत फोनमध्ये आहे. उघडली की मासा तिथंच असतो.