ट्रॅक्टर थंड होईपर्यंत

तुमच्या धाकट्या आजोबांनी ट्रॅक्टर घेतला हे तुम्हाला फोटोवरून कळलंच आहे. पण तो घ्यायचा दिवस कसा गेला ते फोनवर सांगता येत नाही, कारण तुमचे आजोबा मधेमधे बोलतात. म्हणून लिहिते आहे.

आधी कारण सांगते. बैल विकल्यापासून कडावची आपली भाताची खाचरं भाड्याच्या ट्रॅक्टरच्या भरवशावर होती. पाऊस लागला की तो सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो आणि ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या शेतांवर जातो. गेल्या वर्षी तो आपल्याकडे उगवला तोवर रोपं राबातच, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, म्हातारी झाली होती. निम्मं शेत पडीक राहिलं. तेव्हा भाऊजी, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, मला म्हणाले, "वहिनी, पुढच्या पावसाच्या आत आपला ट्रॅक्टर नाय आला, तर देऊन टाकतो जमीन फार्महाऊसवाल्यांना." चिडून म्हणाले असते तर मी लक्ष दिलं नसतं. पण ते अगदी शांतपणे म्हणाले.

यंदा मे महिन्यात शिळफाट्याच्या एका दुकानात त्यांना कळलं की खालापूरजवळ एक चाचा थोडाच वापरलेला ट्रॅक्टर विकताहेत. मुलगे आखातात गेले, शेत दुसऱ्याला कसायला दिलं, म्हणून तो नुसता उभा होता. भाऊजी एकटेच जाऊन पाहून आले आणि त्याच्या लाल रंगाबद्दल इतकं बोलले की त्यांनी बाकी काहीच पाहिलेलं नाही अशी माझी खात्री झाली. मग सौदा पक्का करायला मीही जायचं ठरलं. तुमचे आजोबा घरी थांबले. दोघे भाऊ एका गाडीत बसले की पळसदरी येईपर्यंत एकजण उतरून चालायला लागतो.

जाण्याआधी मी जुना ट्रॅक्टर कसा पारखावा याबद्दल इंग्रजीत बरंच वाचलं. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: इंजिन थंड असताना चालू करून बघा. तापलेलं इंजिन दुखणं लपवतं, थंड इंजिनाला ते जमत नाही. मला हे पटलं. माणसंही सकाळी उठल्या उठल्या पाहावीत.

आम्ही पोचलो तर चाचांच्या अंगणात ट्रॅक्टर धडधडत उभा. धुतलेला, पुसलेला, चाकांनासुद्धा तेल लावलेलं.

"या, या! तुमी येणार म्हणून तापवून ठेवलाय," चाचा म्हणाले.

मी बॉनेटवर हात ठेवला. आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. "चाचा, हा बंद करा. थंड झाल्यावर बघायचा आहे."

चाचांनी भाऊजींकडे पाहिलं. "पाव्हण्याला थंड चा कोन देतो?"

"वहिनी शिकलेल्या हायत," भाऊजींनी खुलासा केला. शिक्षण हे दुखणं असल्यासारखा.

ट्रॅक्टर बंद झाला. आम्ही ओट्यावर बसलो. चाचींनी चहा आणला आणि नारळाच्या दुधातली सांदणं आणली. तोवर मी टायर पाहिले, तेल पाहिलं, कागद वाचले. सगळं जागच्या जागी होतं. फक्त इंजिन निवायचं बाकी होतं.

ते निवत आलं तेवढ्यात चाचींचे भाऊ, सगळ्यांचे मामू, मोटारसायकलवरून आले. सलाम करून ते कोणी काही बोलायच्या आत थेट ट्रॅक्टरवर चढले. "बघा, बघा, एका झटक्यात!" आणि खरंच एका झटक्यात चालू केला.

"अरे, उतर!" चाची ओरडल्या. "थंड करत ठेवलाय तो!"

"कशाला? बिघडलाय?"

"बाईंना थंडच पायजे."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच उतरले. पुन्हा चहा आला. आता जेवूनच जा, असं ठरलं. मला धोका कळत होता. ज्यांच्या घरी सांदणं आणि वर जेवणही झालं, त्यांना "ट्रॅक्टर नको" कोणत्या तोंडाने म्हणायचं? खरेदीबद्दलच्या त्या इंग्रजी लेखांमध्ये यावर एक ओळही नव्हती.

जेवणात तांदळाची भाकरी आणि वाटपाची कोंबडी होती. मी हात धुवत होते तोच अंगणातून धडधड ऐकू आली. बाहेर येऊन पाहते तर या खेपेला सीटवर भाऊजी! स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, चेहऱ्यावर अपार समाधान.

"भाऊजी!"

"नुसता बसलो होतो वहिनी. चावी हातात आली."

चाचींनी पुढे होऊन चावी काढून घेतली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि तिथेच दारात बसल्या. "आता कोन हात लावतो बघते. ताई, तुमी निवांत पडा जरा."

मी पडले नाही. भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "थंडबिंड जाऊ दे ना वहिनी. घेऊन टाकू. मला पसंत हाय."

"बैल घेताना तुम्ही दात मोजायचात. चालवून बघायचात. एकदा तर बाजारातून रिकाम्या हाताने परत आलात."

"तेव्हा दुसरा बाजार असायचा," ते म्हणाले. "आता पाऊस तोंडावर आलाय. हा नापास झाला, तर मला दुसरा सापडायचा नाय. आणि मग मी काय बोललो होतो ते तुमाला म्हाईत हाय."

तेव्हा मला कळलं की ते सकाळपासून ट्रॅक्टरची नव्हे, माझी धास्ती घेऊन बसलेत. मला त्यांची दया आली, पण चाचणी मी सोडली नाही. नापास होणारा ट्रॅक्टर भर चिखलणीत नापास झाला असता, तर शेत नक्कीच गेलं असतं.

उन्हं कलली. मी बॉनेटवर हात ठेवला. अगदी गार. चाचींनी गाठ सोडली, भाऊजी चढले, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

भाऊजींनी चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. चाचा आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

"सांगा ना आता," चाची म्हणाल्या. "मी म्हनलं व्हतं आदीच सांगा. ताई, बॅटरी बसलीय याची. उबं राहून राहून. सकाळी टेंपोच्या बॅटरीला वायर लावून चालू केला यांनी, आनि तुमी येईपर्यंत बंदच केला नाय. चालून जरा भरली की एकदोनदा लागतो, मग पुन्ना बसते."

"पाव्हण्यांसमोर टक् टक् कसं वाटलं असतं?" चाचा पुटपुटले.

भाऊजी सीटवरच ताठ झाले. "बॅटरीच ना? इंजिन नाय ना?"

"इंजिन कसं आहे ते अजून कोणालाच माहीत नाही," मी म्हणाले. "ढकला."

अंगण रस्त्याकडे उतरतं आहे. चाचा, मामू, चाची आणि तुमची आजी, असे चौघे मागून लागलो. माझ्या साडीचा काठ चाकाच्या तेलाने माखला, तो अजून तसाच आहे. ट्रॅक्टर हलला, उतरणीला लागला, भाऊजींनी क्लच सोडला. एक आचका, काळ्या धुराचा एक भपकारा, आणि गार इंजिन लगेच पेटलं. धूर विरला. आवाज एकसारखा. पुढे काय काय तपासायचं ते सगळं मी वाचून ठेवलं होतं, पण ऐकूनच कळत होतं. ट्रॅक्टर पास होता.

भाऊजी मात्र थांबेनात. थांबले तर बंद पडेल या भीतीने त्यांनी रस्त्यावरच एक मोठी गोल फेरी घेतली आणि आमच्यासमोरून जाताना ओरडले, "वहिनी, घ्यायचा ना?"

"घ्यायचा! पण थांबा, नंबर जुळवायचाय!"

मग चालत्या इंजिनावरच, थरथरणाऱ्या चासीवरचा नंबर मी कागदाशी ताडून पाहिला. एक आकडा आठ की तीन हे ठरवायला मामूंना भिंग आणायला पाठवावं लागलं. मी चाचांना विसार दिला आणि म्हणाले की आधी नावावर करून घेऊ, मग न्यायला येऊ. चाचा, चाची, मामू आणि सीटवरचे भाऊजी, सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. सुरू झालेला ट्रॅक्टर बंद करा, असं आता कोण म्हणणार?

"घेऊन जा, भाऊ," चाचा म्हणाले. "नवी बॅटरी मी पाठवतो. कागदांना मी स्वता येतो."

भाऊजी पुढे आणि मी गाडीने मागे, अशी आमची वरात कडावला निघाली. रस्त्यात त्यांनी पाणी पिण्यासाठीही ट्रॅक्टर बंद केला नाही. मी गाडीतून उतरून चालत जाऊन बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खाचरावर गेले तर भाऊजी कुदळीने बांध फोडत होते. ट्रॅक्टरला आत शिरायची वाट अरुंद होती.

"एवढी कशाला रुंद करताय?" मी विचारलं.

"वरच्या खाचरातपन जायला पायजे ना," ते म्हणाले. "गेल्या वर्सापासून पडीक हाय ते. यंदा लावायचं."