कॉफीवर आलेला आळ

यजमानांची झोप कॉफीनं नेली, असं आमच्या घरात वीस वर्षं धरून चाललं होतं. मी आधी त्यांची संध्याकाळची कॉफी बंद केली, मग दुपारची, शेवटी सकाळचीही. एकट्यानं सोडायला नको म्हणून माझीही सोडली. तंजावुरात शेजारपाजारच्या घरांतून कॉफीचा वास येत असताना मी ताक पीत बसायची. जायफळ घातलेलं दूध झालं, शनिवारचं तेल लावून न्हाणं झालं. तरी रात्री दोनच्या सुमारास मागच्या दाराची कडी वाजायचीच.

ती का वाजते हे मला ठाऊक होतं. ते विहिरीपाशी उभं राहून सिगरेट ओढत. पण तो शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. सासूबाई होत्या तेव्हा ते जेवण झालं की कोपऱ्यावरच्या दुकानाकडे जात, आणि कुणी विचारलं तर सासूबाई सांगत, वारा घ्यायला गेलाय. मुलानं आईसमोर ओढायची नाही आणि आईनं कळल्याचं दाखवायचं नाही, हा मान. सासूबाई गेल्या, मान राहिला. मीही लेकाला, सुनेला वारा घ्यायला गेलेत असंच सांगत आले. सिगरेटनं डोळा लागतो असं यजमान म्हणत, आणि मला ते खरं वाटे. लागायचाही डोळा, तासा-दोन तासांसाठी.

दिवसा ते पेंगत. हातात वर्तमानपत्र, मान खाली. वय झालं म्हणून आम्ही सोडून देत होतो.

दहा वर्षांच्या नातीला स्कूटरवरून शाळेत तेच सोडत. गेल्या वर्षी ती एकदा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तमिळमध्ये सांगू लागली. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र तमिळ. सकाळी रेल्वे फाटकाशी थांबले होते. गाडी गेली, फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजू लागले, आणि तात्ता, म्हणजे आजोबा, हलेचनात. तिनं पाठीत गुद्दा घातला तेव्हा जागे झाले. तिला गंमत वाटत होती. मी विचारलं, स्कूटर चालू असताना कधी असं झालंय? ती म्हणाली, एकदा थोडं वाकडं गेलो, पण तात्ता म्हणाले घरी सांगू नकोस.

मी स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली. लेकानं नातीसाठी ऑटो लावली. यजमान तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ, झोपेच्या गोळ्या घेतो, मग किल्ली दे.

डॉक्टर तरुण बाई होती, तमिळ. तिनं कॉफीचं विचारलं. मी सांगितलं, दोघंही घेत नाही. मग विचारलं, बिडी-सिगरेट? यजमान तमिळमध्ये म्हणाले, छे. आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "तू गप्प बैस. घरातलं घरात."

आम्ही इथले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलोय. दुकानात भाव पटला नाही, पाहुण्याला उठवायचं असलं, की मराठीत बोलायचं. समोरच्याला कळत नाही. या भाषेचा मी आयुष्यभर पडद्यासारखा उपयोग केला. त्या दिवशीही मी मराठीत उत्तर दिलं असतं तर ते नवरा-बायकोचं भांडण झालं असतं, आणि बाईनं गोळ्या लिहून दिल्या असत्या.

मी तमिळमध्ये म्हणाले, "डॉक्टर, हे चव्वेचाळीस वर्षं सिगरेट ओढतात. निजायच्या आधी दोन, मध्ये उठून आणखी दोन."

बाईनं पेन खाली ठेवलं. ती यजमानांना म्हणाली, तंबाखूनं झोप येत नाही, उडते. आणि इतक्या वर्षांची सवय असली की रात्री शरीर ती मागायला तुम्हाला उठवतं. ओढली की बरं वाटतं, म्हणून तुम्ही तिला औषध समजता. सोडल्यावर आधी काही आठवडे झोप आणखी बिघडेल, तेव्हा कच खाऊ नका.

बाहेर येताना यजमान म्हणाले, "पाचवी शिकलेली बाई डॉक्टरला शिकवायला निघाली."

"किल्ली पाहिजे ना?" मी म्हणाले.

ते आठवडे वाईट गेले. ते चिडत, घरात फेऱ्या मारत, बघ तुझ्या डॉक्टरचं औषध म्हणत. दोनदा शर्टाला वास आला. मी सुनेसमोरच सिगरेट हा शब्द वापरून विचारलं. सून आत निघून गेली. तिलाही सगळं माहीत होतं.

मग कडी वाजायची थांबली. तरी मी किल्ली दिली नाही. रोज दुपारी त्यांच्या हातात वर्तमानपत्र देऊन समोर भाजी निवडत बसायची. पंधरा दिवस ओळीनं त्यांनी मान न पाडता शेवटचं पान गाठलं, तेव्हा डब्यात हात घातला.

"उद्यापासून तिला मी सोडतो," ते म्हणाले.

"ती ऑटोतूनच जाईल."

"मग किल्ली कशाला दिलीस?"

"कॉफी पावडर आणायला," मी म्हणाले. "सकाळपुरती."