वैनगंगेच्या घाटावरची परीक्षा

जगात सुंदर जागा एकच आहे, ती म्हणजे बालाघाट, आणि बाकीचं सगळं भूगोलाच्या पुस्तकवाल्यांनी पानं भरायला घातलेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. पुण्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे फुफाजी. फुफाजी जन्मभरात नागपूर, जबलपूर आणि एकदा भोपाळ एवढंच फिरले, पण नापास त्यांनी सगळ्या पृथ्वीला केलं. काश्मीर थंडीपायी गेलं, कोकण घामापायी. समुद्राबद्दल त्यांचं मत, "जे पानी पेता येत नाही, ते पाहून काय करतं?" भोपाळच्या तलावाबद्दल तर, "उभं पानी हाय ते. उभ्या पान्याले मी पानी नाही म्हनत." एका वर्षी किराणा दुकानातून बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर घरी आलं, तर त्यांनी बालाघाटजवळच्या गांगुलपाऱ्याच्या धबधब्याचा फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला आणि त्या डोंगरावर खळ लावून चिकटवला. फोटो इतका मोठा झाला की खालच्या तारखाही झाकल्या गेल्या आणि आत्याची चतुर्थी हुकली.

हा हट्ट कुठून आला ते मला कळत नाही असं नाही. नागपुरात आम्हाला 'एमपीवाले' म्हणून हसतात, आमच्या मराठीतली हिंदी वेचून दाखवतात. भोपाळच्या कचेरीत आडनाव ऐकलं की 'महाराष्ट्र से हो?' असं विचारतात. दोन्हीकडे पाहुणा ठरलेल्या माणसानं निदान आपली नदी तरी घट्ट धरून ठेवावी. पण ती त्यांनी स्वतःच्या मुलीच्या गळ्यात बांधली, हे मला आजही पचत नाही.

मुलगी म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून मोठी, म्हणून ताई. तिला पाहायला मुलगा आला, की पोहे-चहा झाल्यावर फुफाजी त्याला स्कूटरवर मागे बसवून वैनगंगेच्या घाटावर नेत. पगार, शेती, व्यसन, काही विचारत नसत. नदीकडे हात करून एकच प्रश्न, "कसं वाटून राह्यलं?" अमरावतीचा मुलगा म्हणाला, छान आहे, पण आमचं चिखलदरा एकदा पाहा. तो त्याच स्कूटरवरून थेट बसस्टँडवर पोचवला गेला. पुण्याच्या इंजिनिअरनं मोबाइलवर फोटो काढला आणि पाणी जरा कमी आहे म्हणाला. त्याची आई इकडे ताईच्या हातचे पोहे वाखाणत बसली होती; तिला कळायच्या आत सोयरीक मोडली होती. आत्यानं शेवटी विचारलं, "पोरगी द्याची हाय का नदी?" फुफाजी फडकं घेऊन स्कूटर पुसायला गेले. माझ्या वडिलांना नदीविषयी काहीच मत नव्हतं, म्हणून माझं लग्न वेळेवर झालं आणि मी नागपूरला गेले.

मग गोंदियाचा मुलगा आला. माहेरपणाला आलेली मी तेव्हा तिथेच होते. ताई चहा घेऊन बाहेर गेली, आत आली आणि मला म्हणाली, "हासते कसा, पाह्यलं का तू?" एवढंच म्हणाली, पण तिला मी तेवढी खूश कधी पाहिली नव्हती. घाटावर त्या भल्या मुलानं नदी पाहिली आणि खरं तेच सांगितलं, "मस्त हाय बाबूजी. आमच्या गोंदियात असं काही नाही." मुलानं परत येऊन हे सांगितलं, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. त्याला गाडीत बसवून फुफाजी घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "नाही जमत. जो आपल्या गावाचा नाही झाला, तो माह्या पोरीचा काय होईन?"

त्यानंतर ताईनं कुणासमोर चहा नेला नाही. लालबर्ऱ्याच्या शाळेत ती शिकवत राहिली, रोज बसनं जायची-यायची, आणि घाटाकडे तिनं कधी पाऊल टाकलं नाही. मागच्या वर्षी केस पांढरे झाल्यावर तिनं स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली, महेश्वरला. महेश्वरला फुफाजींनी फार पूर्वीच निकालात काढलं होतं, "तिथं घाट हाय फक्त. घाट कोनीबी बांधते."

यंदा दिवाळीनंतर मी बालाघाटला गेले, तेव्हा ताईचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी फुफाजींच्या हातात दिला. ताईनं तिकडे मोबाइल फिरवून नर्मदा दाखवली, रुंद, भरलेली, पायऱ्यांवर ऊन. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "कसं वाटून राह्यलं, बाबा?" फुफाजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "चांगली हाय," ते म्हणाले. फोन डोळ्यांजवळ नेऊन, "आपल्यापेक्षा चांगली हाय." आत्या उठून आत निघून गेली. ताई म्हणाली, "हौ बाबा," आणि शाळेची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

फोन माझ्या हातात परत देताना त्यांनी विचारलं, "बेटा, तो गोंदियाचा पोरगा... काय करते आता?"

"दोन पोरं हायेत त्याले. मजेत हाय."

"इकडं नाही येत काय कधी?"

"काहून येईन, फुफाजी?"

ते मान हलवत राहिले. संध्याकाळी म्हणाले, चल, घाटावर जाऊन येऊ. स्कूटर आता त्यांच्यानं चालवली जात नाही, म्हणून आम्ही रिक्षानं गेलो. पाणी कमीच होतं. बराच वेळ आम्ही पायरीवर बसलो, पण मला कसं वाटतंय, ते त्यांनी विचारलं नाही.