तिच्या पोटाची चर्चा

ती पावणे गावातल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती आणि मी तिथंच टाइम ऑफिसात कारकून होते. कंपनीनं तिला बाटल्या भरायला घेतलं नव्हतं, कबड्डीसाठी घेतलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राज्याच्या महिला संघाची ती कर्णधार होती. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात तिला न ओळखणारं माणूस तेव्हा सापडलं नसतं. चढाई करतानाचा तिचा पेपरात आलेला फोटो कॅन्टीनवाल्यानं गल्ल्याच्या मागं चिकटवला होता. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर माणसं थांबायची, कुणी नुसतं बघायला, कुणी आपल्या पोरीला दाखवायला. ती मान खाली घालून बसकडं जायची. मैदानावर समोरच्या सात जणींना घाम फोडणारी ती हीच का, असं वाटावं इतकी एरवी लाजरी होती.

खाडीकाठच्या गावातली ती. बाप आधी मिठागरावर होता, मग खाडीत जाळं टाकायचा. मी लग्न होऊन वाशीला आलेली, माहेर मराठवाड्यातलं, आम्ही बौद्ध. आमच्या दोघींत सारखं असं काही नव्हतं. पण तिला माझी ज्वारीची भाकरी आवडायची आणि मला तिच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा रस्सा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकत्र बसायला लागलो ते त्यावरून.

ते सत्तरचं दशक संपत आलं होतं. राष्ट्रीय स्पर्धा जवळ आली होती आणि ती सरावाला जाईनाशी झाली. लवकर दमायची, डबा अर्धा ठेवायची. एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत तिनं दार लावून घेतलं, माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. डाव्या बाजूला काहीतरी टणक लागत होतं.

“मागच्या मॅचला गुडघा बसला होता. त्याचंच असंल ना गो?” ती म्हणाली.

“घरी सांगितलंस?”

“आयला सांगितला तर ती पयला देवाला नवस बोलंल. तू चल माज्यासोबत. मना डाक्टरशी बोलता येनार नाय.”

आम्ही रजा टाकून, खाडीपुलावरून बसनं मुंबईला, एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “लग्न झालंय?”

“नाय.”

“मग किती महिने झाले?”

तिला प्रश्नच कळला नाही. ती माझ्याकडं बघायला लागली. मला कळला होता, पण तिला तो समजावून सांगायला तोंड उघडेना. बाईंनी तिला पडद्याआड नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. तिला त्या ‘बाळ’ म्हणू लागल्या. अंडाशयाला मोठी गाठ आहे, ती वाढतेय, उशीर करून चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तिला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. मग म्हणाली, “त्यांना तसाच वाटला. बगितल्या बगितल्या.”

त्यांनाच कशाला, त्या आठवड्यात सगळ्या पट्ट्याला तसंच वाटलं. राज्याचा संघ जाहीर झाला आणि त्यात तिचं नाव नव्हतं. कंपनीत ती सैल ब्लाउज घालून, पदर लपेटून येत होती. मग येईनाशीच झाली. आमच्या बसमध्ये ठाण्याकडून येणारा एक फोरमन होता, तो बोटांवर महिने मोजून दाखवायचा. संघाचं सरावाचं शिबिर अमक्या महिन्यात होतं, म्हणजे हिशोब बरोबर लागतो, असं. शिबिरात शिकवायला होते ते तिचे प्रशिक्षक. पन्नाशीला आलेले, शाळेत पीटीचे मास्तर, घरी बायको, दोन मोठे मुलगे. मग त्यांचं नाव आलं. कुणी म्हणे त्यांनी तिला पुण्याला ठेवलंय, कुणी म्हणे नाशकात. तिला पाळण्यासह पाहिलेला माणूससुद्धा एकाला भेटला होता.

मग एका साप्ताहिकात मजकूर आला. नाव छापलं नव्हतं. ‘खाडीकाठची एक गाजलेली खेळाडू’ एवढंच. तो अंक आमच्या खात्यात हातोहात फिरला. बायका माझ्याकडं आल्या.

“तू तिच्यासोबत जेवायचीस. तुला माहीत असणारच.”

“ती आजारी आहे,” मी म्हटलं.

“आजारी तर सगळ्याच असतात,” एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

मी त्याहून जास्त बोलले नाही, कारण तिनं मला शपथ घातली होती. घरी सासूबाईंनी विचारलं, तू कशाला तिच्या भानगडीत पडतेस, उद्या तुझंही नाव घेतील. नवरा तळोज्याला कामाला होता. तिथल्या कारखान्यातही हीच चर्चा होती. त्यानं मला एकदाच विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, “मग जात जा तिला बघायला.” तेवढ्यावर मी दर रविवारी इस्पितळात जात राहिले.

ऑपरेशन झालं. गाठ एकाच बाजूला आहे असं डॉक्टरांना वाटलं होतं, पण दुसरी बाजूही खराब निघाली. दोन्ही अंडाशयं काढावी लागली. ती शुद्धीवर येऊन दोन-चार दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या कॉटवर बसून तिला ते सांगितलं. मी पायाशी उभी होते, तिची आई खिडकीपाशी. बाई म्हणाल्या, “बाळ, जीव वाचला. पण मूल होणार नाही आता.” तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “खेलता येल?” बाई म्हणाल्या, वर्षभरानं बघू. तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. तिचं वय तेव्हा चोविसाच्या आसपास असेल.

बाहेर पायऱ्यांवर तिच्या आईबापाचं बोलणं झालं, ते मला अजून आठवतं. बाप म्हणत होता, “मी गावात उभा ऱ्हातू आनि सांगतू. गाठ होती म्हून सांगतू. कोनाला भ्यायचा?”

आई म्हणाली, “सांगा. आज वाईट चालीची म्हनतान, उद्या वांझ म्हनतील. तुमाला कुठला बरा वाटतं ते सांगा.”

तो खाली बसला. त्या बाईनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच दोन्हीतलं एक निवडायचं होतं आणि निवडता येत नव्हतं. कारण मुलीचं लग्न ठरलेलं होतं. जासईकडचा मुलगा, मुंबईच्या गोदीत कामाला, तिचा खेळ पाहून त्यानंच मागणी घातलेली.

इस्पितळातून घरी आल्यावर काही दिवसांतच मुलाकडची माणसं आली. तिनं मला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. ओटीवर मुलाची आत्या, चुलता आणि गावचे एक वडीलधारे बसले होते. मुलगा आला नव्हता. चहा झाला. आत्यानं सुरुवात केली. आम्हाला लोकांचं काही खरं वाटत नाही, पण आम्हालाही गावात राहायचंय. जे झालं ते झालं. फक्त मूल कुठं आहे आणि तो माणूस कोण, एवढं आम्हाला कळलं पाहिजे, म्हणजे पुढचं बघता येईल.

बाप काही बोलणार इतक्यात ती आतल्या खोलीतून बाहेर आली. टाके दुखत होते म्हणून भिंतीला हात लावत आली. खाली बसली नाही.

“मूल नव्हता, आत्या. गाठ होती, ती काढली. आनि आता मना मूल होनार पन नाय. डाक्टरनी सांगितलाय.”

तिची आई आत जाऊन रडायला लागली, तो आवाज ओटीवर येत होता.

“मग आदी का नाय सांगितलास?” आत्या म्हणाली.

“तुमी इचारला कुठं? तुमी आलात तेच सांगत आलात.”

वडीलधारे उठले, चपला घातल्या. चुलत्यानं जाताना हात जोडले. लग्न मोडलं. मुलानं पुढं वर्षाच्या आत दुसरी मुलगी केली. त्याला मी दोष देत नाही, पण तो स्वतः आला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तिनं खरं सांगितलं होतं, चारचौघांत सांगितलं होतं. मला वाटलं, आता तरी तोंडं बंद होतील. झालं भलतंच. पंधरा दिवसांत बसमध्ये नवीन गोष्ट आली. मूल पाडायला गेली आणि त्यात बिघडलं, म्हणून पिशवी काढावी लागली, आता गाठीचं नाव सांगतात. फोरमन म्हणाला, मी सांगितलंच होतं. तिनं सांगितलेलं खरं त्या लोकांनी आपल्या गोष्टीतच बसवून घेतलं. तो दिवस मला फार जड गेला. त्या संध्याकाळी वाशीच्या स्टॉपवर उतरले आणि घरी जावंसंच वाटेना.

ती कामावर परत आली तेव्हा खोकी उचलायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून तिला लेबलं लावायच्या टेबलाशी बसवलं. गेटवर तिला बघायला माणसं पुन्हा थांबू लागली, पण आता पोरींना घेऊन नाही. कॅन्टीनमधला फोटो निघाला होता. कुणी काढला ते कळलं नाही. भिंतीवर डिंकाचे डाग तेवढे उरले होते.

मास्तरांनी कबड्डी शिकवणं सोडलं होतं. त्यांनी तिला भेटणं टाळलं, ते तिच्याच भल्यासाठी, असा निरोप पाठवला. पण एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांची बायको आली. साधी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई. वॉचमननं नाव विचारलं तेव्हा तिनं मोठ्यानं सांगितलं, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. ती कॅन्टीनमध्ये आली तशा माना वळल्या. लोकांना वाटलं आता भांडण होणार. ती बाई सरळ आमच्या टेबलाशी आली, माझ्या मैत्रिणीच्या शेजारी बसली, पिशवीतून डबा काढला.

“डिंकाचे लाडू आहेत,” ती म्हणाली. “ऑपरेशननंतर कंबर धरते. माझीही धरायची.”

“काकू, तुमी इथं कशाला आलात? लोक—”

“लोक आहेत म्हणूनच आले. घरी येऊनही देता आले असते.”

त्या बाईनं तिला एक लाडू समोर बसवून खायला लावला. मलाही दिला. मग तब्येतीचं विचारलं, झोप लागते का विचारलं आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिली. घरी तिचं आणि मास्तरांचं काय बोलणं झालं होतं, तिनं कधी संशय घेतला होता की नाही, मला माहीत नाही. ती गेल्यावर आमच्या टेबलावर पलीकडच्या खात्यातली एक बाई आपला डबा घेऊन आली. ‘कशी आहेस?’ एवढंच बोलली. चर्चा त्यानं थांबली नाही, पण निदान आमच्यासमोर होईनाशी झाली.

दीडेक वर्षानं ती पुन्हा खेळली. तिच्याच गावच्या जत्रेतले सामने होते, संध्याकाळचे. मी आणि नवरा गेलो होतो. ती अंगानं सुटली होती. पहिल्या चढाईला गेली, दम धरला, आणि गर्दीतून कुणीतरी बाळाच्या रडण्याचा आवाज काढला. माणसं हसली. मला वाटलं तिचा दम तुटेल. तुटला नाही. ती कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून रेषेवर परत आली, आणि हसणाऱ्यांतल्याच काहींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या डावात तिची दोनदा पकड झाली. तिचा संघ सामना हरला. राज्याच्या संघात तिला परत कुणी घेतलं नाही. वय झालं, असं कारण दिलं.

त्यानंतर तिनं मुलींना शिकवायला घेतलं. गावातल्या आया मुलींना पाठवेनात. म्हणून पहिल्या मुली वाशीहून आल्या, आमच्या वस्तीतल्या. त्यांत माझी नणंद होती. सासूबाईंना मी कसं पटवलं ते सांगत बसत नाही, महिना गेला त्यात. संध्याकाळी मी त्यांना घेऊन जायची. गवत काढून केलेल्या तुकड्यावर ती अनवाणी उभी राहायची आणि ओरडायची, “पाय पुढं टाक, मान नको.” दुसऱ्या वर्षी गावातल्या दोन मुली आल्या, मग त्यांच्या बहिणी. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिच्या मुलींचा संघ जिल्ह्यात खेळत होता.

तिनं लग्न केलं नाही. बाप गेला, मग आई. मी तिला एकदा विचारलं होतं, तो आत्यासमोरचा दिवस आठवतो का. ती मासे साफ करत बसली होती. म्हणाली, “आटवतं ना. टाके लय दुकत होते त्या दिवशी.” आणि मग म्हणाली, थांब, जेवूनच जा.