डंप हटाव

आमच्या चळवळीची कचेरी शाहूपुरीत, टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत. तिथला कॉम्प्युटर कुणीतरी वापरून दिलेला. पत्रकं जुळवायचं सॉफ्टवेअर त्याच्यावर रोज मध्येच बंद पडायचं, आणि दर वेळी का बंद पडलं याची एक भलीमोठी फाईल मागं टाकायचं. त्या फायलींना डंप म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी डंप एकच: वस्तीला खेटून असलेला, सारखा धुमसणारा कचऱ्याचा डोंगर. शहरानं खायचं आणि वस्तीनं धूर गिळायचा. 'डंप हटाव' ही आमची घोषणा. वस्तीतल्या बायकांच्या जबान्या रेकॉर्ड करून ज्या फोल्डरमध्ये ठेवल्या, त्याचं नावही 'डंप'.

महापालिकेतल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी डिस्क भरली. पत्रक सेव्ह होईना. सोबतच्या कार्यकर्त्यानं रिपेरीवाल्याला फोन लावला. तो स्पीकरवर ओरडला, "डंप साठलंय ओ! उडवा की समदं. कायमचं उडवा, न्हायतर जागा व्हत न्हाय."

मी बॅनर गुंडाळत होते.

"उडवलं बघ," कार्यकर्ता म्हणाला. पत्रक सेव्ह झालं.

त्या उडवलेल्या 'डंप' फोल्डरात वस्तीतली एक आजी होती. खोकत खोकत बोललेली. पुढं ती वारली. बोलून झाल्यावर तिनं विचारलं होतं, "माजं बोलणं ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल की आज्जी," मी म्हटलं होतं.

सुनावणीत साहेबांनी जबान्या मागितल्या. मी पत्रक दिलं. त्या पत्रकानं साहेब वारा घेऊ लागले. एरवी मी टेबल दणाणून सोडलं असतं. 

मग रिपेरीवाला स्वतः आला. सॉफ्टवेअरचे खरे डंप जिथल्या तिथं होते. ते त्यानं पुसले, यापुढं शेवटचा एकच राहील अशी सेटिंग केली. जबान्या मात्र परत आल्या नाहीत.

"आता जागाच जागा हाय की!" तो म्हणाला.

"हाय," मी म्हटलं.

आजीच्या सुनेला सांगायला गेले. ती दारात धुणं पिळत होती. शिवी देईल वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"आत्तींचा आवाज एकदा ऐकायचा हुता," एवढंच म्हणाली. मग पदराला हात पुसून पायरीवर बसली.

"आता माजं घे. पर दोन ठिकाणी ठेव."

मी फोन पुढं धरला. बोलायच्या आधी ती खोकली. तेही घेतलं.