माझ्या हातची खीर

"मावशी, ते ओगराळं खाली ठेवा."

विहाराचे सेक्रेटरी साहेब सगळ्यांसमोर बोलले. बुद्धपौर्णिमा होती. शहरातल्या चिक्कडपल्ली भागातल्या आमच्या विहारात खिरीसाठी रांग लागलेली. पातेलं माझं. खीर मीच केलेली.

"का हो साहेब?"

"लोक कुरकुर करतायत. जेलातून आलेल्या बाईच्या हातचं नको म्हणतात."

साहेब बँकेत अधिकारी. त्यांचा बाप अन् माझा बाप नांदेडकडच्या एकाच गावचे. गावात दोघांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. हे त्यांना घरात कुणी सांगितलं नसेल?

मी जेलात गेले ती लेकीपायी. जावई मारायचा तिला. एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तिचा गळा आवळला. हाताला मुसळ लागलं. तेच घातलं. त्याचा खांदा कायमचा गेला. कोर्टानं शिक्षा दिली. मी ती पुरी भोगली. आत शेकडो बायांचा स्वयंपाक केला. सगळ्या जेवल्या.

बाहेर आले तर लेक परत त्याच्याच घरी. माझा फोन उचलत नव्हती. नल्लकुंट्यात खोली बघायला गेले. घरमालकीण म्हणाली, "नक्को अम्मा, मोहल्लेवाले बातां करते." दोन घरी पोळ्या लाटायचं काम मिळालं. जेलाचं कळलं तसं सुटलं. एकदा अफझलगंजच्या पुलावर उभी राहिले, खाली मुसी नदी बघत. जीव नकोसा झाला होता. का परतले, मलाही ठाऊक नाही.

आणि आता रांगेत पहिला तोच. जावई. मागं माझी लेक, मान खाली घालून.

"या या, जावईबापू," साहेब म्हणाले. माझ्या हातातलं ओगराळं घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

मी सोडलं नाही.

"साहेब, शिक्षा कोर्टानं दिली, ती संपली. तुम्ही कोण नवी देणारे? ज्याला माझ्या हातचं नको, त्यानं जावं."

सगळे गेले. रांग मोडली. लेकही नवऱ्यामागं गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

रिकाम्या विहारात बसले अन् वाटीभर खीर खाल्ली. रडत खाल्ली, पण खाल्ली.

तोवर काम मागताना मी जेल लपवायचे. आता नाही. दार उघडलं की पहिलं तेच सांगते. कुणी हाकललं तर पुढचं दार वाजवते. हे शहर मी सोडणार नाही. मरणारही नाही.