नायोबियमचं काय?

महाडच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवत होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला अणूत इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने भरतात ते चाललं होतं. आधी फोर-एस नावाचा कप्पा, मग थ्री-डी. क्रोमियम आणि तांबं हा क्रम मोडतात, कारण अर्धा किंवा पूर्ण भरलेला डी जास्त स्थिर असतो, एवढं सांगून मी फळा पुसायला वळले.

"मॅडम, मग नायोबियमचं काय?" पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून येणारी मुलगी विचारत होती. "त्याच्या डीमध्ये चारच होतात. अर्धा पण नाय, पूर्ण पण नाय. तरी एसमधला एक तिकडं गेलाच."

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. एस आणि डी या दोन्हींची ऊर्जा इतकी जवळजवळ असते, की इलेक्ट्रॉन एकमेकांना किती ढकलतात यावरही कोण कुठे बसेल ते ठरतं. अर्ध्या भरलेल्याचा नियम ही आपली शिकवायची सोय.

ती हसली. त्यानंतर रोज एसटीची वेळ होईपर्यंत माझ्यापाशी बसायला लागली. तिला एम.एस्सी. करायचं होतं.

त्याच पावसाळ्यात वाडीमागच्या डोंगराला भेग पडली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून असली भेग कुणी हलक्यात घेत नाही. सगळी वाडी खाली पत्र्याच्या शेडमध्ये आणली. ती यायची बंद झाली, म्हणून मीच गेले.

तिची आई म्हणाली, "मॅडम, तिचं लगीन ठरलंय. हितं पत्र्यात वयातली पोर किती दिस ठेवायची?"

"एवढं वर्ष पुरं होऊ द्या. ती माझ्याकडे राहील."

"पोरगा नालासोपाऱ्याला हाय. त्याची मानसं थांबायला तयार नाय."

मुलीने चहा आणला. शेजारी बसून हळूच म्हणाली, "मॅडम, पॅलेडियमचा फाइव्ह-एस पार रिकामा असतो ना? दोन्ही इलेक्ट्रॉन डीमध्ये?"

मी हो म्हणाले, आणि जमिनीवर बोटाने रकाने काढून समजावू लागले. ती मान खाली घालून बघत होती. तेवढ्यात बाहेर पाण्याचा टँकर आला. ती हंडा घेऊन उठली.

रांग मोठी होती. मी थांबले, मग शेवटची गाडी चुकेल म्हणून निघाले.

पुढच्या वर्षी मुलं कमी म्हणून कॉलेजातला तो वर्गच बंद झाला. मी आता बिरवाडीत दहावीच्या शिकवण्या घेते. तिचा फोन लागत नाही.